ओळखीच्या दाराशी

नगरपालिकेत मी लागलो तो जकात नाक्यावर, १९८६ साली. गावाच्या हद्दीवर पत्र्याची एक खोली, रस्त्यावर आडवा बांबू, टेबलावर दरपत्रक आणि कार्बन घातलेली पावती पुस्तकं. ट्रक थांबायचा, ड्रायव्हर बिल्टी घेऊन खाली उतरायचा, मी आकडा सांगायचो, तो कुरकुर करत पैसे मोजायचा आणि बांबू वर गेला की मला विसरून जायचा. मीही त्याला विसरायचो. साखर, सिमेंट, कापड, तेल, जे काही गावात विकायला येई त्यावर आमचा वाटा असे. तो शेवटी गावातल्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून निघायचा हे आम्हाला माहीत होतं, पण गिऱ्हाइकाला ते जाणवत नसे. त्याला वाटायचं, साखर महागली. नाक्यावर आणखी काय काय चालायचं ते सांगत बसत नाही. ज्यांनी नाके पाहिलेत त्यांना ठाऊक आहे.

१९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली. मोठ्या महानगरपालिकांची राहिली, मुंबईची तर थेट ३० जून २०१७ पर्यंत, वस्तू आणि सेवा कर लागू होण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत चालली. आमच्यासारख्या गावांना मात्र जकातीच्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान मिळू लागलं. रोज संध्याकाळी रोख मोजून पेटीत पडणारे पैसे गेले आणि मुंबईकडे डोळे लावून बसायचे दिवस आले. अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा. ओस पडलेल्या नाक्यांच्या खोल्यांत कुठे चहाची टपरी निघाली, कुठे पंक्चरवाला बसला, आणि आम्हा नाकेदारांना इतर विभागांत वाटून टाकलं. माझ्या वाट्याला कर विभाग आला. म्हणजे घरपट्टी.

पहिल्याच फेब्रुवारीत मागणी बिलांचा गठ्ठा हातात देऊन मला माझ्याच आळीत पाठवलं. तिसरं दार आमच्या गणिताच्या सरांचं. निवृत्त झालेले, झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेले. बिल हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि म्हणाले, ‘‘काय रे, माझ्याच दाराशी?’’

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नात जकात आणि घरपट्टी यांच्यातला सगळा फरक होता. जकात परक्याकडून घ्यायची असते, घरपट्टी ओळखीच्याकडून. ट्रकवाल्याला माझं आडनावही ठाऊक नसायचं. सरांना माझे सातवीतले मार्क ठाऊक होते.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि बिलावरचा एक शब्द बोटाने दाखवला. ‘‘हे करयोग्य मूल्य काढलं कसं, ते मांडून दाखव.’’ मी मांडलं. समजा घराचं भाडं महिना ५०० धरलं, तर वर्षाचे ६,०००. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, राहिले ५,४००. हे करयोग्य मूल्य, आणि यावर सभेने ठरवलेल्या टक्केवारीने कर.

‘‘पण मी तर स्वतःच राहतोय. भाडं कोण देतंय?’’

‘‘कोणी देत नाही सर. दिलं असतं तर किती आलं असतं, असा हिशेब.’’

‘‘म्हणजे मी मला भाडेकरू ठेवलं, तर मी माझ्याकडून किती भाडं घेईन?’’

‘‘हो सर.’’

‘‘बरं. हे ५०० कुठून आले?’’

‘‘रजिस्टरला आहेत.’’

‘‘आणि रजिस्टरला कुठून आले?’’

मला उत्तर आलं नाही. सरांनी बिल घडी घालून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन पैसे भरले. पण पुढची बावीस वर्षं मी त्या खात्यात काढली ती त्या शेवटच्या प्रश्नाला टेकूनच. गावाच्या कारभाराला लागणारा पैसा गावातल्या घरांवर न्यायाने कसा बसवायचा, याबद्दल मी पुष्कळ भाषणं ऐकली. बहुतेक भाषणं दर किती असावा यावर असत. खरा प्रकार दराच्या आधी, रजिस्टरात घडून गेलेला असतो.

आमच्या जुन्या पेठेत एक दुमजली वाडा होता. लाकडी दिंडी, आत चौक, मागे विहीर. रजिस्टरात त्याचं वार्षिक भाडेमूल्य इतकं थोडं होतं की वर्षाच्या घरपट्टीत माणसाचं एक वेळचं हॉटेलातलं जेवण झालं नसतं. रस्त्याच्या बाजूला दोन गाळे, त्यांतल्या एकात मोबाइलचं दुकान. भाडेपावती जुन्या भाडेकरूच्या नावाने, रक्कम ४० रुपये. आणि गावाबाहेर माळावर झालेल्या नव्या वसाहतीत एका एसटी कंडक्टरने कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या होत्या, त्याला त्या वाड्याच्या पाचपट घरपट्टी. त्याच्या दारात गटार नव्हतं, दिवा नव्हता, पाणी एक दिवसाआड. वाड्यासमोर नगरपालिकेने तीनदा रस्ता केलेला.

यात कोणी लबाडी केली असं नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या सप्टेंबरातल्या आकड्यांशी बांधून टाकली. घरपट्टी भाड्यावर, आणि भाडं कायद्याने गोठलेलं. मग न्यायालयांनीही सांगितलं, की कायद्याने ठरलेल्या भाड्याच्या वर करयोग्य मूल्य धरता येणार नाही. तर्क बिनचूक होता. ज्याला ४० रुपयेच मिळतात त्याच्यावर ४,००० चा कर कसा लावणार? पण एका कायद्याने भाडेकरूला दिलेली सवलत अशी फिरत फिरत नगरपालिकेच्या तिजोरीत भोक पाडून गेली आणि ते बुजवायचं काम माळावरच्या कंडक्टरकडे आलं. १९९९ च्या नव्या भाडे कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. ४० च्या ४ टक्के म्हणजे किती, हे सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं असतं.

मुंबईने २०१० पासून भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्य धरलं, म्हणजे मालमत्तेची बाजारात जी किंमत तिच्या आधाराने कर. त्याचे नियम कोर्टात गेले, काही टिकले नाहीत. तरी दिशा मला पटते. भाडं हा दोन माणसांतला व्यवहार, तो लपवता येतो. जागेची किंमत गावाने मिळून वाढवलेली असते, रस्त्याने, बाजाराने, शाळेने, शेजाऱ्यांनी. त्यातला थोडा भाग गावाला परत यावा, यात मला तरी जुलूम दिसत नाही. मात्र म्हातारपणी पेन्शनीवर राहणाऱ्या बाईचं घर आज कोटीचं झालं म्हणून तिच्या हातात कोटी आलेले नसतात, हेही मी दारोदार पाहिलंय. किंमत कागदावर असते आणि कर रोख मागतो.

कायद्यात दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची तरतूद आहे. चतुर्वार्षिक म्हणतात तिला. आमच्या गावात ती चार वर्षांनी झाली असं मला आठवत नाही. निवडणूक जवळ आली की पुढे ढकलायची, निवडणूक झाली की नवे लोक म्हणायचे आत्ताच कुठे बसलोय. असं करत दहा-बारा वर्षं जातात, आणि मग एक दिवस सगळी वाढ एकदम नोटिशीतून घराघरात पडते. गाव पेटतं. मोर्चा निघतो, बंद होतो, आमदार मुंबईला जातात आणि स्थगिती घेऊन येतात. गुलाल उधळतो. चार-चार वर्षांनी थोडी थोडी वाढली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण थोडी वाढ करायला रोजचं धैर्य लागतं आणि स्थगिती आणायला एका दिवसाचं पुरतं.

अशाच एका फेरआकारणीच्या हरकतींच्या सुनावणीला मी आठ दिवस बसलो होतो. माझं काम नाव पुकारायचं आणि फाइल पुढे करायची. त्या आठ दिवसांत कोण आलं ते सांगतो. पेठेतले व्यापारी आले, सोबत वकील नाहीतर टॅक्सचं काम करणारा माणूस. मंगल कार्यालयवाला आला, त्याच्याकडे शेजारच्या तालुक्यातल्या कार्यालयांचे दर टाइप करून आणलेले. नगरसेवक आले, प्रत्येकाच्या हातात आपापल्या वॉर्डातल्या वीस-पंचवीस नावांची यादी. यातल्या बहुतेकांचं काहीना काही कमी झालं. मठामागच्या चाळीत एका खोलीत राहून भाकऱ्या करून विकणाऱ्या बाई आल्या नाहीत. त्यांच्या खोलीचं क्षेत्रफळ आमच्याच माणसाने चुकून दीडपट लिहिलं होतं. नोटीस त्यांना मिळाली होती, सहीच्या जागी अंगठा होता. हरकत घ्यायची मुदत असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण सांगायला लागलो तर किती जणांना सांगणार, असं तेव्हा वाटलं. दीडपट क्षेत्रफळावर त्या सात वर्षं पैसे भरत राहिल्या. शेवटी मीच दुरुस्तीचा प्रस्ताव ठेवला. मागचे पैसे परत देण्याची सोय निघाली नाही.

आता एक उलटी गोष्ट. मोठ्या घरांची माणसं घरपट्टी कशी कमी होईल ते बघतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरपट्टी लावून घ्यायला लोक कचेरीत हेलपाटे घालतात, हे कर विभागात बसल्याशिवाय कळत नाही. ओढ्याकडेची पालं, गायरानातली घरं, रेल्वेच्या कुंपणालगतची वस्ती, तिथल्या बाया पोरं काखेत घेऊन यायच्या. ‘‘साहेब, आमच्या घराला घरपट्टी लावून द्या.’’ रेशन कार्ड, शाळेचा दाखला, विजेचं मीटर, कुठेही गेलं तरी विचारतात, राहता कुठे, पुरावा काय? त्यांना घरपट्टीची पावती हवी असते. पावतीच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, की ही पावती मालकी हक्काचा पुरावा नाही. ती ओळ त्यांना कोणी वाचून दाखवली तर त्या म्हणायच्या, असू दे. एका म्हाताऱ्या बाईंनी एकोणीस वर्षांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा देव्हाऱ्याखाली ठेवला होता. दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या आणि गणिताचे सर, हे दोघं काउंटरवर पुढे-मागे असायचे. सरांना पहिल्या महिन्यातली सूट हवी असायची. बाईंना सूट माहीत नव्हती. त्यांना वर्ष सुरू झाल्याझाल्या कागदावर यायचं होतं.

बिलाकडे नीट पाहिलं तर ते एका कराचं नसतंच. त्यात आमची घरपट्टी असते, दिवाबत्ती, वृक्षकर, अग्निशमन, सफाई असे तुकडे असतात, आणि त्यातच सरकारचा शिक्षण कर आणि बिगर निवासी मिळकतींवर रोजगार हमी कर असतो. हे दोन्ही राज्य सरकारचे. आम्ही फक्त गोळा करून भरणा करणारे. दुकानदार बिलाचा एकूण आकडा बघून म्हणायचा, एवढे पैसे घेता आणि दारातला कचरा उचलत नाही. मी समजावायचो की यातला हा भाग आमचा नाही. तो म्हणायचा, पावतीवर नाव कोणाचं आहे? त्याचंही बरोबर होतं.

आणि शिवाय खुद्द सरकारी इमारती. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही, घटनेच्या २८५ व्या कलमानेच ती सूट दिली आहे. पोस्ट, रेल्वे यांच्याकडून फार तर सेवा शुल्क मागायचं. राज्य सरकारच्या कार्यालयांना कर लागू असतो, पण त्यांच्याकडून वसुली करणं म्हणजे सुनेने सासूकडे उसने मागण्यासारखं. एका सरकारी कार्यालयाची थकबाकी माझ्या नोकरीभर वाढतच गेली. दरवर्षी मी बिल द्यायचो, ते आवक क्रमांक टाकून घ्यायचे आणि म्हणायचे, तरतूद आली की बघू. त्या कार्यालयातल्या शिपायाच्या भाड्याच्या खोलीवर मात्र तीन हजार थकले म्हणून आमच्या पथकाने नळ तोडला होता.

थकबाकीवरून हलगीची आठवण आली. मार्चअखेर वसुलीचा टक्का वर न्यायचा म्हणून एका वर्षी मुख्याधिकारी साहेबांनी मोठ्या थकबाकीदारांच्या दारात हलगी वाजवायचं ठरवलं. आम्ही सहा जण आणि पुढे हलगीवाला. एका व्यापाऱ्याच्या दुकानापुढे पंधरा मिनिटं वाजवलं, गर्दी जमली. व्यापारी बाहेर आला, शंभराची नोट काढून हलगीवाल्याच्या हातावर ठेवली, ‘‘चांगलं वाजवतोस’’ म्हणाला आणि आत जाऊन बसला. घरपट्टीची दमडी दिली नाही. दुसऱ्या दारात एक शिक्षिका राहत होत्या, नवरा आजारी, दोन वर्षं थकलेली. हलगी कोपऱ्यावर ऐकू आल्याबरोबर त्यांनी शेजारणीकडून उसने घेऊन पैसे आणून दिले. अब्रूवर लावलेला कर ज्याला अब्रूची चाड आहे त्याच्याकडूनच वसूल होतो.

थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. कागदावर ही शिक्षा जबर आहे. पण अधूनमधून अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. एकदा माफ झाली की लोक शिकतात. एप्रिलमध्ये रांगेत उभे राहणारे सर मला एकदा म्हणाले, ‘‘मी वेळेवर भरतो त्याला पाच टक्के, तो दहा वर्षं भरत नाही त्याला शंभर टक्के. गणित चुकतंय रे तुमचं.’’

सवलत कोणाच्या पैशाने द्यायची, हा प्रश्न मला अलीकडे जास्त छळतो. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला, त्यांत खरोखर गरजू कितीतरी. पण सूट क्षेत्रफळावर आहे, किमतीवर नाही. दक्षिण मुंबईतली ४९० फुटांची कोट्यवधींची जागा सुटली आणि दहिसरकडची ५२० फुटांची सुटली नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. २०१८ मध्ये सरकारने ती रद्द केली, २०२३ मध्ये पुन्हा दिली. मधल्या काळात नवं घर घेतलेल्या माणसाने ती परत मिळवायला अर्ज भरत बसायचं. या दोन्ही निर्णयांत चूक-बरोबर काय ते जाणकारांनी ठरवावं. मला खटकतं ते इतकंच, की सवलतीची घोषणा मंत्रालयात होते, हार मंत्रालयात पडतो आणि वजाबाकी पालिकेच्या वहीत होते. मुंबईकडे मोठमोठ्या ठेवी आहेत, ती पचवते. तसलीच घोषणा उद्या आमच्या गावाला लागू झाली तर पहिल्या महिन्यात घंटागाडीचं डिझेल बंद होईल.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ साली नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली. बाराव्या परिशिष्टात १८ विषयांची यादी आली, नगररचनेपासून गरिबी हटवण्यापर्यंत. तेव्हा आम्ही कचेरीत पेढे वाटले होते. कामांची यादी घटनेने दिली आणि पैसे कुठून आणायचे ते राज्याच्या मर्जीवर सोडलं. सहा वर्षांत जकातही गेली. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांच्या अनुदानाला अटच घातली, की घरपट्टीचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या चालीने वाढवून दाखवा. एकीकडून सवलती द्या असा दबाव, दुसरीकडून वसुली वाढवा असा. मध्ये बिलांचा गठ्ठा घेतलेला लिपिक.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिला वाटायचं हे सगळं आपल्याकडचंच. मग तिच्या दारात तिथल्या कौन्सिल टॅक्सचं बिल आलं आणि तिने चौकशी केली. तिथे घरांचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ गट, आणि कोणतं घर कोणत्या गटात हे ठरतं १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर. गेल्या वर्षी बांधलेलं घरसुद्धा १९९१ मध्ये असतं तर कितीला गेलं असतं, असा अंदाज बांधून गटात घालतात. आणि सगळ्यात वरच्या गटातला महाल सगळ्यात खालच्या गटातल्या खोलीच्या फक्त तिप्पट कर भरतो. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मला आमच्या पेठेतला वाडा आठवला. त्यांचं रजिस्टर स्वच्छ आहे, संगणकावर आहे, पण ‘रजिस्टरला कुठून आले’ हा प्रश्न तिथेही तसाच उभा आहे. जुना आकडा हलवायला कोणी धजत नाही, कारण ज्यांचं वाढेल ते ओरडतील आणि ज्यांचं कमी होईल ते धन्यवाद म्हणायला येणार नाहीत.

लोक कर का देत नाहीत, याचं एक उत्तर ते स्वतःच देतात: पैसे कुठे जातात ते दिसत नाही. हे निमित्तही असतं आणि खरंही. एका वर्षी आमच्याकडे मंत्री येणार म्हणून वेशीवर स्वागत कमान उभी राहिली. त्याच महिन्यात माळावरच्या वसाहतीतल्या गटाराची फाइल ‘निधी नाही’ असा शेरा मारून परत आली. मला जोतीराव फुल्यांची आठवण झाली. ते पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० मध्ये, व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला. विरोधात जोतीराव एकटे. ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. ठराव अर्थातच पास झाला. कंडक्टरला मी त्या कमानीबद्दल काही सांगू शकलो नाही. तो मात्र त्या वर्षीही भरून गेला.

त्याला निदान नगरसेवकाला जाब विचारता येत होता. पुढे तेही गेलं. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ मध्ये संपली, आणि जवळपास चार वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रशासक आले. मी त्याआधीच निवृत्त झालो होतो. त्या चार वर्षांत बिलं वेळेवर निघाली, ऑनलाइन भरायची सोय झाली, कारभार काही बाबतींत सुधारला म्हणायलाही हरकत नाही. पण सभाच नव्हती. दर कोणी ठरवला, कमानीला कोणी हो म्हटलं, हे विचारायला दार नव्हतं. घरपट्टीत चांगलं जे काही आहे ते एवढंच, की देणारा आणि खर्चणारा एकाच गावात राहतात आणि बाजारात एकमेकांना भेटतात. तेवढंच त्या काळात नव्हतं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. २००८ साली मुलाच्या लग्नाआधी मी घरावर एक खोली चढवली. मोरी, वर पत्रे नव्हे, स्लॅब. परवानगी काढली नाही, कारण सामासिक अंतर पुरेसं सुटत नव्हतं. रजिस्टरला नोंद केली नाही, कारण नोंद करणारा मीच होतो. माझ्या आळीची वाढीव बांधकामं मोजायला मी टेप घेऊन फिरलो आणि माझ्या घरापुढून तसाच पुढे गेलो. कोणी काही बोललं नाही. बोलणार कोण? निम्म्या आळीच्या वरच्या खोल्या मीही पाहिल्या नव्हत्या.

निवृत्तीनंतर मी नियमाने एप्रिलमध्ये घरपट्टी भरतो, खालच्या दोन खोल्यांची. गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या दहाव्याहून परत आलो तेव्हा जिना चढताना पहिल्यांदा पायऱ्या मोजल्या, चौदा. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. कर विभागात आता एक मुलगी बसते, पंचवीस-सव्वीस वर्षांची, हुशार आहे. तिला म्हटलं, माझ्या घराची वाढीव नोंद घ्यायची आहे. तिने संगणकावर माझं नाव काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘‘काका, परवानगी आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग अनधिकृत म्हणून लागेल. घरपट्टीच्या दुप्पट शास्ती, दरवर्षी. तुम्हाला तर माहीतच आहे.’’

मला माहीत होतं. पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी ही शास्ती कित्येक वर्षं अंगावर वागवली आणि २०२३ मध्ये थकलेली माफ झाली, तेही माहीत होतं. म्हणजे आज नोंद केली तर तिप्पट भरायचं, गप्प बसलो तर काही नाही, आणि थकवून ठेवली तर कधीतरी माफी.

‘‘राहू द्या ना काका,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘कोण विचारतंय?’’

तिने हे माझ्या भल्यासाठीच म्हटलं. मीही कितीतरी जणांना असंच, त्यांच्या भल्यासाठी, म्हणालो होतो. मागे रांग होती. एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, हातात कोरा अर्ज. मी बाजूला झालो आणि तिला पुढे जाऊ दिलं.

अर्ज मी त्या दिवशी नाही, पण पुढच्या सोमवारी दिला. त्याला आता पाच महिने झाले. मोजायला अजून कोणी आलेलं नाही. परवा बाजारात ती मुलगी भेटली, तेव्हा म्हणाली, ‘‘काका, येते हो एक दिवस, टेप धरायला माणूस मिळत नाही.’’ मी म्हटलं, दुसरं टोक मी धरीन.